बर्फाच्या पेटीतली सीडी

"सरका मागं, सरका! अंगावर गर्दी केली की जनावर बुजतंय."

असं म्हणत नागसेननी खांद्यावरची लशीची पेटी दूध संस्थेच्या टेबलावर ठेवली. झाकण उघडलं, बर्फाच्या लाद्या बाजूला केल्या आणि त्यांच्यामधून एक सीडी बाहेर काढली. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, वर रबर लावलेलं. शर्टाच्या टोकाला ती नीट पुसून त्यांनी संस्थेचा सचिव कृष्णात याच्या हातात दिली. जमलेली माणसं हसली. समोर कॉम्प्युटर होता, म्हैस नव्हती, हे काय कुणाला कळत नव्हतं? पण नागसेननी पेटी उघडली की आमच्या गावातली माणसं आपोआप मागं सरत. कित्येक वर्षांची सवय होती ती.

नागसेन म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण मी 'हे आले, हे गेले' असं सांगत बसले तर तुम्ही मध्येच विचाराल, बाई, हे म्हणजे कोण? त्यापेक्षा नाव घेतलेलं बरं. कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याला आमचं गाव. तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते परिचर होते. सरकारी कागदावर परिचर, गावात मात्र 'डॉक्टर'. खरे डॉक्टर साहेब आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस जखमा धुणं, औषध पाजणं, लस टोचणं, सगळं नागसेनकडंच. मी अंगणवाडीत. घरी दोन म्हशी, म्हणून सकाळ-संध्याकाळ दूध घालायला मी संस्थेत जायची. त्या सकाळीही किटली घेऊन तिथंच उभी होते.

"अवो, ती बर्फात कशाला ठेवलीसा?" मी विचारलं.

"कोल्हापुरास्नं उनातनं आणलीया. लस हाय न्हवं? तापली की गेली."

"पलाष्टिकची चकती हाय ती!"

"असंना का. गार ठेवल्यालं कधी वाया जात न्हाय."

माणसं पुन्हा हसली, आणि खरं सांगायचं तर मीही हसले.

दोन हजार सहा सालचे गणपती नुकतेच झाले होते. संस्थेत कॉम्प्युटर येऊन दोनेक वर्षं झाली असतील. दूध मापलं, फॅट लागली, की आकडे त्यात जायचे आणि चिठ्ठी बाहेर यायची. पण गणपतीच्या दिवसांत तो मध्येच गप्प बसायला लागला. कृष्णातनं कुणाकडून तरी गाणी भरून आणली होती, त्यातनं व्हायरस शिरला असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं. नागसेननी ते ऐकलं आणि त्यांचे कान टवकारले. व्हायरस म्हणजे रोगजंतू. रोग आहे तर लस असणारच. इतका सरळ हिशोब.

त्याच आठवड्यात कोल्हापुरात शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. दवाखान्याच्या मांडवात लशीची माहिती द्यायला नागसेनना पाठवलं होतं. शेजारच्या मांडवात टाय घातलेला एकजण सीड्यांचा ढीग घेऊन बसला होता. त्यानं नागसेनना 'सर' म्हटलं. आयुष्यात त्यांना सर म्हणणारा तो पहिलाच, ते त्यांनी घरी येऊन मला दोनदा सांगितलं. कॉम्प्युटरचे सगळे रोग हिनं बरे होतात, पुन्हा कधी होत नाहीत, आणि शेतकऱ्यांच्या संस्थांना फुकट आहे, असं तो म्हणाला. नागसेननी त्याला विचारलं, एका गावाला घातली की शेजारच्या गावाला घालायची का? तो म्हणाला, "जितक्यांना घालाल तितकं पुण्य, सर."

कृष्णातनं सीडी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "चेअरमन, घालू का?"

संस्थेचे चेअरमन उदयसिंह खुर्चीत बसून चहा पीत होते. "फुकट हाय न्हवं? मग घाल की मर्दा! डॉक्टरनं आणलीया, त्याच्या हाताला गुण हाय."

सीडी आत गेली. पडद्यावर एक हिरवी ढाल आली आणि तिच्याखाली लाल आकडे पळायला लागले. आकडा वाढेल तशी माणसांच्या तोंडून 'अयाया!' निघत होतं. एवढासा डबा आणि त्यात इतके रोग! कृष्णातनं कपाळाला हात लावला. मग सगळं थांबलं, लाल आकडे गेले आणि पडदाभर मोठी हिरवी बरोबरची खूण उमटली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नागसेननी कॉम्प्युटरच्या पाठीवर हलकी थाप मारली, टोचून झाल्यावर म्हशीच्या मानेवर मारतात तशी, आणि म्हणाले, "दोन दिस जरा आळसावल्यागत करंल. घाबरू नगा."

घरी येताना मी म्हटलं, "झालं न्हवं समाधान? आता द्या ती टाकून."

"टाकून? शालन, एका गावाला टोचून काय उपेग? रोग शिवंवरनं परत येतोय."

हे त्यांचं रोजचं शास्त्र होतं. घटसर्प म्हणून म्हशींचा एक रोग असतो. गळा सुजतो, श्वास कोंडतो आणि एका दिवसात जनावर संपतं. तो एका गावात दिसला की भोवतालच्या सगळ्या गावांना लस टोचायची, म्हणजे रोगाला पुढं जायला वाट राहत नाही. नागसेननी हेच केलं. रविवारी सुट्टीचा दिवस धरून ते आपल्या जुन्या एम-एटी गाडीवर बसले, बर्फाच्या पेटीत सीडी घातली आणि आसपासच्या सगळ्या गावांच्या दूध संस्था फिरले. सगळीकडं ओळख, सगळीकडं मान. प्रत्येक ठिकाणी पेटी उघडायची, सीडी काढायची, पुसायची, घालायची. संध्याकाळी परत आले तेव्हा नुसता चहा पिऊन पोट बिघडलं होतं, पण तोंड फुललेलं होतं. मी आल्याचा काढा करून दिला आणि दोन शब्द सुनावले.

दिवाळीच्या तोंडावर त्या सीडीचं खरं रूप बाहेर पडलं.

आधी पडदा लाल झाला. इंग्रजीत काहीतरी धोक्याचं लिहून आलं, खाली दोन बटणं. कृष्णातनं 'साफ करा' असा अर्थ लावून एक दाबलं. मग त्याला वाटलं, वर्षभराच्या दुधाच्या आकड्यांची नक्कल पेन ड्राइव्हवर जपून ठेवली आहे तिलाही रोग लागला असेल, म्हणून तीही त्याच कॉम्प्युटरला लावून साफ करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाचं वर्षभराचं दूध कॉम्प्युटरमधून गेलेलं होतं. चार दिवसांत शेजारच्या गावांतूनही तसेच निरोप यायला लागले.

कोल्हापूरहून मशीन दुरुस्त करणारा आला. त्यानं तासभर खाटखूट केली आणि हात झटकले.

"ही कुठनं आणली सीडी?"

"प्रदर्शनातनं," कृष्णात म्हणाला.

"पावणं, हे औषध न्हाईच. ह्योच रोग हाय. ते लाल आकडं खोटं हुतं, नव्या कोऱ्या मशीनला बी तेच दावतंय. आन् ती हिरवी खूण नुसतं चित्र. मागनं ह्यो बसून फायली खात हुता, आन् पैसं भरा म्हणून बोंबलाय लागला तवा तुमाला दिसला."

"मग आता?"

"आता काय! सगळं पुसून नव्यानं घालायचं. गेल्यालं काय येत न्हाय."

वर्षभर कुणी किती दूध घातलं त्यावर दिवाळीला फरक, म्हणजे दरावरचे जादा पैसे, मिळतात. आमच्याकडं दिवाळी म्हणजे तो फरक. चिठ्ठ्या जपून ठेवणारी घरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या कधीच चुलीत गेलेल्या. शेवटी ठरलं की ज्यानं त्यानं देवळात भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथेवर आपलं दूध सांगावं. मग काय विचारता! ज्यांच्या गोठ्यात एक म्हैस, त्यांनी दोन म्हशींचं सांगितलं. सख्ख्या भावांनी एकमेकांचा खोटेपणा देवळात काढला. आम्ही बौद्ध, आम्ही भंडारा उचलत नाही. आमच्या बौद्धांच्या वाडीतल्या सगळ्या घरांचं दूध कृष्णातनं अंदाजानं लावलं आणि कमीच लावलं. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार होते?

सीडी घाल म्हणणारे चेअरमन होते. बटण दाबणारा कृष्णात होता. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. नागसेनना तरी तोंडावर कोण बोललं? फक्त पारावर ते गेले की बोलणं थांबायचं.

दिवाळी झाल्यावर ते सीडीवरचा पत्ता घेऊन कोल्हापूरला निघाले. मीही गेले, कारण त्यांना एकट्याला सोडायचा मला धीर होत नव्हता. शाहूपुरीत एका इमारतीच्या जिन्याखाली तो गाळा होता. तिथं आता झेरॉक्सचं मशीन होतं.

"ते व्हय? ते भाड्यानं हुते, कवाच गेले," झेरॉक्सवाला आमच्याकडं न बघताच म्हणाला. "तुम्ही पयलं न्हाईसा. लई जण येऊन गेलं."

नागसेन जिन्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ ती सीडी हातात फिरवत होते.

"शालन, लशीची बाटली आली की मी तिची तारीख बघतो. कंपनी बघतो. बुडाला गाळ बसलाय का बघतो, गार हाय का हात लावून बघतो. शंका आली तर डबाच्या डबा परत पाठवतो. साहेब रागावलं तरी पाठवतो. ह्या सीडीचं काय बघायचं असतंय, ते मला ठावंच न्हवतं गं. म्हणून म्या नुसती गार ठेवली."

त्यांचे डोळे भरले. मला त्या टायवाल्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी चपलेनं मारला असता. ते राहिलं. स्टँडवर येऊन आम्ही एक एक भजी प्लेट खाल्ली आणि गारगोटीची एसटी धरली.

मला वाटलं होतं, माणसं विसरतील. दूध रोज निघतं, नवीन आकडे साठतात, रुसवे किती दिवस टिकणार? मेअखेर लशीची मोहीम आली. पावसाळ्याआधी घटसर्पाची लस प्रत्येक जनावराला टोचायची असते. दरवर्षी त्या दिवशी नागसेन पहाटे उठून दाढी करत, धुतलेला शर्ट घालत. तसाच घातला. वाडीतली सगळी जनावरं न्याहारीच्या आत झाली. मग ते गावात शिरले. सुट्टी होती म्हणून चिठ्ठ्या लिहायला मी बरोबर होते.

पहिल्या घरात मालक नव्हते. दुसऱ्या घरात म्हैस गाभण होती. गाभण म्हशीला ही लस चालते हे त्या घरातल्या पोराला पण ठाऊक होतं. तिसऱ्या घरात, "पुढल्या बारीला बघू." केरबाच्या गोठ्यापुढं त्याची बायको कडी घालून उभी राहिली. कुणी भांडलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. सगळी अशी गोड की मला ती गोडी नकोशी झाली.

खरं बोलली ती एकटी बाळाबाई. म्हातारीचं सगळं एका म्हशीवर. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

"नागसेन, तू माझ्या लेकागत हाईस. राग मानू नगंस."

"बोला की मावशी."

"ती चकती ह्याच पेटीतनं काढलीवतीस न्हवं?"

"व्हय."

"मग ह्या पेटीतलं माझ्या म्हशीला नगं, बाबा."

"मावशी, ही सरकारी लस हाय. दर साली टोचतोय मी. तुमच्या म्हशीच्या आईला बी मीच टोचलीवती."

"त्या वक्ताला बी तू असंच म्हणलावतास की. लस हाय म्हणून."

नागसेन तिच्यापुढं उकिडवे बसले होते. मग उठले, पेटी खांद्याला लावली आणि म्हणाले, "बरं. पावसाच्या आधी मन बदललं तर हाक मारा." आम्ही गावातून परत आलो तेव्हा पेटीतल्या बहुतेक बाटल्या न उघडता तशाच होत्या. उघडलेली एक ओतून द्यावी लागली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुम्ही म्हणाल, एवढं काय? नोकरी सरकारची, पगार चालू, लोकांनी नाही टोचून घेतली तर त्यांचं जनावर आणि ते. डॉक्टर साहेबही हेच म्हणाले: "तुम्ही गेला होता ना? झालं तर मग. दुसरा माणूस माझ्याकडं नाही." पण साहेब बाहेरचे. त्यांना आमच्या गावातलं बोलावणं म्हणजे काय ते कसं कळणार?

माझे सासरे यल्लाप्पा. त्यांच्या बापापर्यंत आमच्या घराला गावातून एकच बोलावणं यायचं: जनावर मेलं की ओढून न्यायचं. दारात उभं राहून नुसती आरोळी द्यायची आणि आमच्या माणसांनी दोर घेऊन पळायचं. छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर वाडीनं ते काम टाकलं. गावानं दोन वर्षं पाणी तोडलं, मजुरी तोडली, तरी टाकलं ते टाकलं. सासऱ्यांनी नागसेनना शिकवलं, दवाखान्यात चिकटवलं. आणि मग एक दिवस उदयसिंहांच्या वडिलांची म्हैस अडली तेव्हा गावातून पुन्हा तशीच आरोळी आली, पण या खेपेला जितं जनावर होतं. सासरे तेव्हा म्हातारे झाले होते. पोरगा पुढच्या दारानं गोठ्यात शिरला हे ऐकून ते रडले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. नागसेनना पगार महत्त्वाचा नव्हता असं नाही. पण माणसं त्यांना जित्या जनावरासाठी बोलावतात, यावर ते जगत होते. त्या सीडीपायी तेच गेलं आणि मला त्याचं इतकं वाईट वाटायचं की कधीकधी मी त्यांच्यावरच खेकसायची.

जुलैच्या मध्यावर केरबाची म्हैस गेली. सकाळी चारा टाकला, दुपारी गळा सुजला, दिवेलागणीला संपली. गाव हादरलं. आता लस टोचून घ्यायची तर नागसेनलाच बोलवावं लागणार, आणि दारातून परत पाठवलेल्या माणसाला बोलवायचं कसं? माणसं घुटमळली. काहींनी कोल्हापूरहून खासगी डॉक्टर आणायचं बोलणं काढलं, आज-उद्या करत राहिली. नागसेन दवाखान्याच्या पायरीवर पेटी तयार ठेवून बसायचे. कुणी हाक मारली नाही. मी म्हटलं, आपणच जाऊ. ते म्हणाले, "परत दारातनं फिरायचं आता माझ्या पायात बळ न्हाय, शालन."

केरबाची म्हैस जाऊन तीन दिवस झाले आणि सकाळी आमच्या अंगणात उदयसिंह येऊन उभे राहिले. डोक्यावर छत्री, धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. एवढ्या वर्षांत ते आमच्या दारात कधी आले नव्हते.

"नागसेन हाय का?"

"हाईत. आत या की," मी म्हटलं.

"नगं. पाय चिखलाचं हाईत."

नागसेन चहाचा कप ठेवून बाहेर आले. मी त्यांचा चेहरा बघितला. दिवाळीपासून तसा उजळलेला चेहरा मी बघितला नव्हता. बोलायच्या आधीच त्यांची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडं गेली होती.

"मोठी म्हस गेली, नागसेन," उदयसिंह म्हणाले. "पहाटं."

"गळा सुजलावता?"

"व्हय. साहेब येऊन सुया देऊन गेलं. उपेग झाला न्हाय." त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "आता ती हालवायची हाय. बोळ चिंचोळा, टॅक्टर गोठ्यापातूर येत न्हाय. गडी हात लावंनात, रोगाची म्हणून भ्याल्यात. तवा म्हटलं, तुमच्या वाडीतली चार माणसं... तू सांगितलंस तर यितील."

उद्धटपणे बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी सहज बोलले, रात्रभर जागलेला माणूस बोलतो तसं. आपण काय मागतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तोच नागसेननी हात वर केला.

"तुमची दोन पोरं घरात हाईत न्हवं, चेअरमन?"

"हाईत."

"मग ती वडतील. तिचं दूध त्यांनीच प्यालंय."

उदयसिंहांनी मान खाली घातली. त्यांच्या आता ध्यानात आलं असावं.

"खड्डा वड्यापास्नं लांब घ्या," नागसेन म्हणाले. आवाज नेहमीचाच, दवाखान्यातला. "पुरुषभर खोल. चुना टाका. कातडं काढाय देऊ नगा कुणाला."

"बरं. मग मी निघू?"

"थांबा. गोठ्यात आनी किती हाईत?"

"तीन. आन् एक पाडी."

"त्यास्नी ताप हाय का?"

"कोण बघणार?"

"मी बघतो. शालन, पेटी घे."

मी हलले नाही. चेअरमन ऐकत होते, ऐकू देत. "अवो, त्यो काय मागाय आलाय तुमच्याकडं, कळतंय का तुमास्नी?"

"कळतंय," ते चपला घालत म्हणाले. "म्हशीस्नी कुठं कळतंय?"

मी पेटी उचलली. दुसरं काय करणार? वाटेत दवाखान्यातून त्यांनी बाटल्या घेतल्या, प्रत्येक बाटली उजेडात धरून बघितली, बर्फ भरला. उदयसिंह पुढं, मागं नागसेन, त्यांच्या मागं मी. बोळात माणसं दारादारात उभी होती.

मेलेली म्हैस गोठ्याच्या दारातच आडवी पडली होती. तिला ओलांडून आत जावं लागलं. आतल्या जनावरांनी कान पाडले होते. नागसेननी एकेकीचा ताप बघितला. एका म्हशीला कणकण होती. तिला लस न देता वेगळी बांधायला सांगितली आणि साहेबांना निरोप पाठवायला लावला. बाकीच्यांना टोचायचं होतं, पण धरणार कोण? गडी बोळाच्या तोंडाशी उभे, पुढं यायला तयार नाहीत. शेवटी उदयसिंहांनीच छत्री भिंतीला टेकवली, पुढं झाले आणि म्हशीची म्होरकी घट्ट धरली. त्यांना ते जमत नव्हतं. म्हशीनं डोकं हिसकलं तसे ते भिंतीवर आदळले, पण सोडलं नाही.

"आता ह्या वाचतील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"ते मी सांगत न्हाय," नागसेन म्हणाले. "लस अंगात भिनाय पंधरा दिस लागत्यात. तवर काय बी हुईल. टोचली म्हणजे सुटलो, असं समजू नगा."

एवढ्यात उदयसिंहांची दोन्ही पोरं दोर घेऊन आली. थोरला सयाजी, कोल्हापुरात कॉलेजला होता, त्याच्या अंगात अजून जीनची पँट होती. दोघांनी तोंडाला रुमाल बांधले, म्हशीच्या मागच्या पायांना दोर बांधला आणि ओढायला लागली. पहिल्यांदा ती जागची हललीच नाही. मग थोडी सरकली आणि उंबऱ्याला अडली. बोळात आता सगळं गाव जमलं होतं. चेअरमनची पोरं मेलेलं जनावर ओढतायत, हे कुणी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. झाला नाही. मी फार दमले होते, आणि त्या पोरांचे हात सोललेले मला दिसत होते.

नागसेन तोवर शेवटच्या पाडीकडं वळले होते. एक हात तिच्या मानेवर, दुसऱ्या हातात सुई. पाडी थरथरत होती आणि ते तिच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होते.

"काका," सयाजी दारातून धापा टाकत म्हणाला, "जरा हात लावता का? उंबऱ्याला अडाकलीया."

उदयसिंहांनी पोराकडं बघितलं, मग नागसेनकडं बघितलं.

"माझ्या हातात पाडी हाय, बाळा," नागसेन मान वर न करता म्हणाले.

सयाजीनं खाली वाकून दोर उचलला, खांद्यावर घेतला आणि धाकट्याला म्हणाला, "धर. परत वडू."